आजीचं लुगडं आणि बदामाचं दूध

मागच्या भागानंतर तिरोड्याच्या एका श्रोत्या ताईंची व्हॉइस नोट आली. "दादा, मोबाईलवर बघून बदामाचं दूध केलं. पण ते गाळायला पिशवी लागते म्हणतात, नट मिल्क बॅग. ती गोंदियात कुठं मिळंल?"

ताई, पिशवी सोडा. तुमच्या आईला विचारा, कुरोड्यांचा चीक कशातून गाळायची ते.

आपल्याकडे उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून कापडातून पिळतात. खाली पातेल्यात पांढरंशुभ्र दूध, वर कापडात चोथा. ते दूध रात्रभर ठेवलं की चीक तळाशी बसतो आणि वरचं पाणी ओतून टाकतात. बदामाच्या दुधाची रीत याहून वेगळी कुठे आहे? आमची आजी या कामासाठी जुन्या सुती लुगड्याचा तुकडा वेगळा ठेवायची. त्याला कुणी हात लावला तर खैर नसायची! पोरासोरांनी त्यानं सायकल पुसली, असं एकदाच झालं.

आता जरा मागे जाऊ. बरंच मागे. ऋग्वेदाचं नववं मंडल जवळजवळ सगळंच गाळल्या जाणाऱ्या सोमाबद्दल आहे. वनस्पती दगडानं कुटायची, रस मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून गाळायचा आणि त्यात दूध मिसळायचं. त्या गाळणीचं नाव होतं 'पवित्र'. हो, तोच शब्द! आज देवघरात आपण जो शब्द वापरतो, तो तेव्हा गाळणीसाठीही होता. जैन घरांत पाणी कापडातून गाळून पिण्याचा नियम आहे आणि मनुस्मृतीतही कापडानं गाळलेलं पाणी प्यावं असं सांगितलंय.

पण मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट धर्माची नाही, रोगाची आहे. बांगलादेशातल्या मतलब भागात शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना साडीतून पाणी गाळायला शिकवलं. साडीला निदान चार वेळा घडी घालायची, एवढंच. निकाल 2003 साली छापून आला, कॉलरा 48 टक्क्यांनी कमी! कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. गंमत पुढे आहे. नव्या साडीपेक्षा जुनी साडी चांगली ठरली. धुऊन धुऊन सुताचे तंतू फुलतात आणि मधली भोकं आणखी बारीक होतात. आजी नवं कापड का घ्यायची नाही, हे मला तेव्हा कळलं.

आपल्या महाराष्ट्रातही नारू होता. पाण्यातल्या एका बारीक किड्यातून तो माणसाच्या पोटात जायचा. त्याच्याशी झालेल्या लढाईत कापडी गाळणं हे मोठं हत्यार होतं. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मधला आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

बरं, बदामाच्या दुधाचा प्रश्न आपल्याकडे कुणाच्या जिवावर बेतला होता, माहिती आहे? गांधीजींच्या. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. 1918 मध्ये ते इतके आजारी पडले की वाचतील असं त्यांना स्वतःलाही वाटेना. दुधाऐवजी काय घेऊ, असं त्यांनी डॉक्टर-वैद्यांना विचारलं. कुणी मुगाचं पाणी सांगितलं, कुणी मोहाचं तेल, कुणी बदामाचं दूध. आत्मकथेत ते लिहितात की हे सगळे प्रयोग करून शरीर आणखी झिजलं, पण अंथरूण काही सुटलं नाही. शेवटी कस्तुरबांनी वाट काढली, व्रत गाईम्हशीच्या दुधाचं आहे ना, मग शेळीचं घ्या. ते घेतल्याची टोचणी मात्र त्यांना कायम राहिली.

हे का सांगतोय? कारण ताईंच्या व्हॉइस नोटमध्ये मागे एक तान्हं बाळ रडताना ऐकू येत होतं. ताई, ते दूध तुमच्यासाठी असेल तर बिनधास्त प्या. बाळासाठी असेल तर नको. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाच्या जागी बदामाचं पाणी चालत नाही. नावात 'दूध' आहे म्हणून फसू नका. आईचं दूध पुरत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आता गाळायचं कशातून? इथे खरी अडचण आहे. आजीचं लुगडं सुती होतं, आईच्या साड्या बहुतेक पॉलिस्टरच्या. एका पिढीत घरातली गाळणी संपली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून मग आपण पिशवी शोधतो.

तरी घरात बघा. बाबांचा जुना सुती दुपट्टा, धोतराचा तुकडा, चक्का टांगायचं फडकं, यातलं काहीही चालेल. रंग जाणारं नको, साबणाचा वास असलेलं तर नकोच. आधी साध्या पाण्यात उकळून घ्या. चहाच्या गाळणीतून चोथा खाली उतरतो, तिच्यावर कापड अंथरलं तर ठीक. जुना टी-शर्ट ऐन वेळी चालतो, पण पिळताना ताणला जातो आणि भोकं मोठी होतात. कापड भांड्यावर बांधून ओतू नका, वेळ लागतो. पोटली करा, वरून पीळ देत या. नंतर लगेच धुवा आणि उन्हात वाळवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो. आणि चोथा फेकू नका, चटणीत घाला.

बदाम महाग पडत असतील तर शेंगदाणे घ्या, रात्रभर भिजवून. वास येतो थोडा, पण उकळला की कमी होतो.

तुमच्या घरी चीक कशातून गाळतात, तेवढी व्हॉइस नोट पाठवा. आणि ताई, बाळ कसं आहे तेही कळवा.