मंतिक ते स्पर्धा परीक्षा

विद्यार्थी मित्रांनो, स्पर्धा परीक्षेत तर्काचे आणि असमानतेचे प्रश्न दिसले, की तुमच्यापैकी कित्येकांच्या छातीत धडकी भरते. ‘ही विद्या आपली नव्हे,’ असे काही पालकही म्हणतात. इतिहास मात्र निराळेच सांगतो.

दोन विधानांवरून तिसरे काढण्याचे नियम ग्रीसच्या ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मांडले. आपल्या देशात न्यायदर्शनाने अनुमानाचा स्वतंत्र विचार केला. ग्रीकांचे तर्कशास्त्र अरबी भाषेत ‘मंतिक’ या नावाने रुजले. अल्-फाराबी आणि इब्न सीना (९८०–१०३७) यांनी त्यावर ग्रंथ लिहिले. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने ‘दर्से निजामी’ हा अभ्यासक्रम रूढ झाला. त्यातही मंतिकला मोठे स्थान होते. तेव्हा ही विद्या परकी कशी?

चिन्हे मात्र बरीच नंतरची. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी बीजगणित लिहिले, ते सारे शब्दांत. > आणि < ही चिन्हे इंग्रज गणिती टॉमस हॅरियट यांच्या ग्रंथात १६३१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, छापून आली.

आता एक प्रश्न पाहा : क > ख ≥ ग = घ. यावरून क > घ हे निश्चित. कारण सर्व चिन्हांची तोंडे एकाच बाजूस आहेत आणि वाटेत एक > आहे. पण ख > घ असे म्हणाल, तर चुकाल. ख हा घ एवढाही असू शकेल. क > ख < ग असे दिले, तर तोंडे उलट फिरली. क आणि ग यांचे नाते सांगता येत नाही.

विधानांचेही तसेच. ‘सर्व शिक्षक वाचक आहेत, काही वाचक कवी आहेत.’ म्हणून काही शिक्षक कवी ठरतात काय? नाही. ते कवी-वाचक शिक्षकांबाहेरचेही असू शकतील.

बहुतेक गुण येथेच जातात. आपल्याला ठाऊक असलेले आपण दिलेल्यात मिसळतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून अशा प्रश्नांची वेगळी प्रश्नपत्रिका आली. २०१५ पासून ती केवळ पात्रतेपुरती आहे. तरी तीत तेहतीस टक्के मिळाले नाहीत, तर दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील उत्तम गुणही वाया जातात.

पालकहो, यासाठी पैसा नव्हे, सवय लागते. रोज संध्याकाळी मुलांना दोन प्रश्न घाला आणि उत्तरापेक्षा कारण विचारा. आणि मित्रांनो, ‘दिलेल्यावरून सांगता येत नाही’ हेही उत्तरच आहे. ते निर्भयपणे द्यायला शिका. परीक्षेत ते गुण देईल, आणि बाजारात उठणाऱ्या अफवेसमोर शहाणपण.