मनगटांतली दोरी

पेणच्या कारखान्यांत एका साच्यांतून गणपतीच्या शेंकडों मूर्ति निघतात आणि त्यांचे हात सारखेच असतात. त्या घडविणाऱ्या माणसांचे हात मात्र एका साच्याचे नसतात. रामवाडींत किंवा रोह्यास कोणीं चार माणसें एकत्र बसलीं, तरी त्यांच्या मनगटांची आंतली रचना हुबेहूब एक असेल अशी खात्री देतां येत नाहीं.

आंगठा व करंगळी यांचीं टोकें जुळवून मनगट किंचित् आंत वांकवा. बहुतेकांच्या मनगटाच्या मध्यावर एक दोरी ताणून वर येईल. ही पामॅरिस लाँगस या स्नायूची कंडरा. कित्येकांस ती मुळींच नसते. कोणास एका हातांत असते, दुसऱ्यांत नसते. पाश्चात्य पाहण्यांत शेंकडा १५ च्या आसपास लोकांत ती आढळत नाहीं. इतर देशांत हें प्रमाण कमीअधिक भरतें. ती नसली म्हणून हाताचें फारसें अडत नाहीं. मग तिचा एवढा ऊहापोह कशासाठीं?

याचें उत्तर शस्त्रवैद्याच्या मेजावर मिळतें. सुश्रुतसंहितेंत शरीराच्या ५०० पेशी सांगितल्या असून त्यांपैकीं ४०० हातापायांतल्या आहेत. परंतु प्रेत वाहत्या पाण्यांत ठेवून तें स्वतः डोळ्यांनीं पाहावें, असाहि तेथें उपदेश आहे. इटलींतील रेआल्दो कोलोंबो यानें १५५९ च्या ग्रंथांत ही कंडरा कांहींस नसते अशी नोंद केली. मुंबईस १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें. १८५१ सालच्या त्याच्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. ग्रंथांतलें चित्र एकच असतें, पण प्रत्येक देह निराळा निघूं शकतो, हा धडा विच्छेदनाच्या मेजाशींच शिकावा लागतो.

या धड्याचें मोल कुष्ठरोग्यांच्या बाबतींत विशेष कळून आलें. या रोगानें कोपराजवळचा मज्जातंतू निकामी झाला, कीं तळहातांतले लहान स्नायु लुळे पडतात आणि बोटें पंजासारखीं वांकतात. बोटें जातां जातां पोटहि जातें. वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सशक्त स्नायूची कंडरा वळवून हीं बोटें सरळ करण्यास आरंभ केला. कंडरेस लांबी कमी पडे तेव्हां पोटरींतील प्लँटॅरिस या स्नायूची बारीक कंडरा जोडीत. पण तीहि कांहीं लोकांस नसते. मुंबईचे डॉ. नोशीर अंटिया यांनीं १९६९ सालीं याच कामासाठीं पामॅरिस लाँगसचा उपयोग मांडला. या स्नायूचा मज्जातंतू कोपराजवळच फुटतो, म्हणून मनगटाशीं रोगाचा घाला पडला तरी तो बहुधा शाबूत राहतो. असलेला नसल्यासारखा हा स्नायु हाताच्या उद्धारास कामीं आला!

धोकाहि येथेंच आहे. या कंडरेच्या अगदीं खालून मध्य मज्जातंतू जातो. ती नसलेल्या मनगटांत दोरीसारखी पहिली वस्तु हातीं लागते ती हाच मज्जातंतू. कंडरा समजून तो काढला गेल्याचीं उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत. त्यानें आंगठ्याचें बळ जातें, बोटांची स्पर्शसंवेदना जाते. क्वचित् कंडरेच्या जागीं मांसल भाग मनगटाशींच असतो आणि तो त्या मज्जातंतूस दाबतो. म्हणून शस्त्र उचलण्यापूर्वीं ती साधी परीक्षा रोग्याच्या दोन्ही हातांवर करावी लागते. अर्ध्या मिनिटाच्या कामानें जन्माचें नुकसान टळतें.

अंटियांनीं १९७० नंतरच्या दशकांत मांडव्याच्या परिसरांत गांवच्याच स्त्रियांना आरोग्यकार्याचें शिक्षण दिलें. तेव्हां हा जिल्हा कुलाबा म्हणविला जाई. १९८१ सालीं तो रायगड झाला. मोठ्या इस्पितळांतला शस्त्रवैद्य खेड्याकडे वळला याचें नवल वाटावयास नको. सरासरीच्या माणसास कोणताच रोग होत नाहीं; तो होतो तो समोर बसलेल्या एका माणसास, आणि त्याचा हात हातीं घेतल्यावांचून तो कसा आहे हें कोणत्याहि ग्रंथास सांगतां येत नाहीं.