इंद्रायणी-पवनेच्या काठची आत्मकथने आणि कादंबऱ्या

देहू, आळंदी, चाकण आणि चिंचवड ही गावे एकमेकांपासून काही कोसांवर आहेत. पहिली दोन इंद्रायणीच्या काठी, चिंचवड पवनेच्या काठी आणि चाकण जुन्नर-नाशिककडे जाणाऱ्या वाटेवर. आज हा पट्टा वाहनांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. पण या गावांवर आणि गावांतून लिहिल्या गेलेल्या आत्मकथनांची परंपरा सतराव्या शतकापर्यंत मागे जाते आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांनीही हा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला आहे. स्वतः पाहिलेले सांगणारे लेखन कोणते आणि न पाहिलेले उभे करणारे कोणते, हा फरक इथल्या पुस्तकांत फार स्पष्ट दिसतो.

या परंपरेच्या आरंभी संत बहिणाबाई (1628–1700) आहेत. वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या बहिणाबाईंना कोल्हापुरात तुकोबांच्या अभंगांचा ध्यास लागला. शूद्र मानल्या गेलेल्या माणसाला ब्राह्मण स्त्रीने गुरू मानावे, हे पतीला सहन झाले नाही आणि त्यांना मारहाण सोसावी लागली. पुढे पतीचे मन पालटले आणि हे कुटुंब देहूला आले. तिथे मंबाजी गोसाव्याने दिलेला त्रास, त्याने मारलेली गाय आणि तिचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटल्याची कथा हे सारे त्यांच्या आत्मपर अभंगांत आले आहे. अखेरच्या काळात मुलाला सांगितलेली पूर्वजन्मांची हकीकतही त्यांच्या रचनेत आहे. चमत्कार बाजूला ठेवले तरी तुकोबांच्या हयातीतले देहू, तिथली वैरे आणि संसारी स्त्रीच्या वाट्याला आलेली कोंडी पाहिलेल्या व्यक्तीचे हे कथन आहे. मराठी स्त्रीच्या आत्मकथनाचा इतका जुना आणि इतका धीट नमुना दुर्मीळ आहे.

तुकोबांच्या घरातल्या माणसांनी असे सविस्तर आत्मकथन मागे ठेवले नाही. ती जागा विसाव्या शतकात कादंबरीने भरून काढली. दि. बा. मोकाशी यांची ‘आनंदओवरी’ 1974 साली आली. तुकोबा नाहीसे झाल्यावर त्यांचा धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत फिरतो आणि त्या शोधात भावाचे सारे आयुष्य आठवत जातो. कादंबरी त्याच्याच तोंडून, म्हणजे आत्मकथनाच्या रूपात येते. संताच्या थोरवीपेक्षा त्याच्या घराची झालेली ओढाताण तिच्या केंद्रस्थानी आहे. मोकाशींनी वारीबरोबर स्वतः चालून लिहिलेले ‘पालखी’ हे पुस्तक त्याआधीचे. आळंदीहून निघणाऱ्या वाटेचा हा प्रत्यक्ष अनुभव आणि ‘आनंदओवरी’तली कल्पना एकाच लेखकाच्या हातची असल्याने ती दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचण्यासारखी आहेत. गो. नी. दांडेकरांनीही तुकोबांवर ‘तुका आकाशाएवढा’ आणि ज्ञानेश्वरांवर ‘मोगरा फुलला’ या कादंबऱ्या लिहिल्या.

चाकणची गोष्ट वेगळी. इथला भुईकोट किल्ला म्हणजे संग्रामदुर्ग. 1660 च्या पावसाळ्यात मोगल सरदार शायिस्ताखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी थोड्या शिबंदीनिशी जवळजवळ दोन महिने तो झुंजवला. 14 ऑगस्टला मोगलांनी भुयारात सुरुंग उडवून बुरूज पाडला आणि दुसऱ्या दिवशी मोगलांकडील राव भावसिंहाच्या मध्यस्थीने किल्ला त्यांच्या हाती गेला. या लढ्यात मोगलांचे 268 सैनिक ठार आणि 600 जखमी झाले. मैदानातला एक लहान किल्ला घ्यायला एवढा वेळ आणि एवढी माणसे लागल्यावर डोंगरी किल्ल्यांना काय मोल मोजावे लागेल, हे मोगलांना कळून चुकले.

या वेढ्याची माहिती दोन बाजूंनी येते. ‘आलमगीरनामा’ हा औरंगजेबाचा दरबारी इतिहास आहे, तर ‘शिवभारत’ हे कवींद्र परमानंदांचे शिवकालीन संस्कृत काव्य. दोन्हींना आपापल्या धन्याचे यश सांगायचे आहे. बुरूज ढासळल्यावर आत उरलेल्या माणसांच्या मनात काय चालले होते, हे त्यांत नाही. फिरंगोजींनी खानाची चाकरी नाकारल्याची परंपरा आहे. शिवकालावरील कादंबरीला लागणारा ऐवज नेमका हाच असतो: पराभवानंतरचा निर्णय आणि त्यामागची निष्ठा.

मराठीत ही वाट रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने 1871 मध्ये पाडली आणि हरि नारायण आपट्यांच्या ‘उषःकाल’सारख्या कादंबऱ्यांनी रुळवली. वि. का. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हा पहिला खंड 1898 साली निघाला. म्हणजे सुरुवातीच्या कादंबरीकारांपुढे अस्सल कागद फारसे छापलेलेच नव्हते. बखरी, पोवाडे आणि कल्पना यांवर त्यांची भिस्त होती. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’च्या (1968) वेळी स्थिती पालटलेली होती. तिला नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे आणि कादंबरीइतकीच ती प्रस्तावनाही वाचली गेली. कादंबरी वाचून भारावलेल्या वाचकाला पुराव्याचा विचार करायला लावण्याचे मोठे काम तिने केले.

चिंचवडचे वर्णन परक्या प्रवाशांनीही केले आहे. इथले गणेशभक्त मोरया गोसावी यांच्या वंशातील पुरुषांना ‘देव’ म्हणत आणि त्यांच्या ठायी गणपतीचा अंश आहे अशी श्रद्धा होती. 1800 साली कॅप्टन एडवर्ड मूर यांनी चिंचवडला भेट दिली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे वर्णन ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आले. 1809 मध्ये मारिया ग्रॅहम आल्या. 1812 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रोजनिशीत तेव्हाचा देव हा इतर मुलांसारखाच एक मुलगा असल्याचे म्हटले आहे. त्याच्या डोळ्यांतली अस्वस्थ झाक त्यांनी टिपली आणि ती अफूमुळे असल्याचे सांगतात, असेही लिहिले. मुलगा त्यांनी पाहिला होता, अफूची गोष्ट मात्र ऐकीव होती. प्रवासवर्णनात या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात, म्हणून वाचकाला त्या वेगळ्या कराव्या लागतात. देवांची इनाम गावे आणि राज्यकर्त्यांशी असलेले संबंध प्रवाशांच्या नजरेआड राहिले. लॉरेन्स प्रेस्टन यांनी जुन्या कागदपत्रांतून त्यांचा इतिहास मांडला आणि ते पुस्तक 1989 मध्ये केंब्रिजने प्रकाशित केले.

याच चिंचवडने मराठीला एक असाधारण आत्मवृत्त दिले. 22 जून 1897 रोजी दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर या इथल्या बंधूंनी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. दामोदरांना 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्याला फाशी झाली. कैदेत असताना त्यांनी आपले चरित्र लिहिले. खालावत गेलेले घर, वडिलांची कीर्तने, त्यांना साथ करत भावांनी केलेली भटकंती, तालमीचा नाद, लष्करात जाण्याची इच्छा आणि मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकत त्यात आहे. सुधारकांविषयीचा तीव्र राग त्यांनी लपवलेला नाही. हुतात्म्याच्या प्रतिमेत न मावणारे हे कडवेपण त्यांच्याच शब्दांत समोर येते आणि म्हणून हे आत्मवृत्त अमोल आहे. याच घटनेवर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी ‘22 जून 1897’ हा चित्रपट 1979 मध्ये केला.

पवनेच्या खोऱ्याला कादंबरीत आणणारे गो. नी. दांडेकर जवळच्याच तळेगाव दाभाडे येथे राहत. ‘बया दार उघड’, ‘हरहर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’ या त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्या. गड स्वतः पायाखाली घालून लिहिण्याची त्यांची रीत होती. ‘स्मरणगाथा’ या त्यांच्या आत्मकथनात्मक पुस्तकाला 1976 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची ‘पवनाकाठचा धोंडी’ 1955 ची. तुंग किल्ल्याच्या हवालदार घराण्यातला धोंडी हा तिचा नायक. ती लिहिली तेव्हा ऐतिहासिक कादंबरी नव्हती, समकालीन होती. पुढे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण झाले आणि खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. धरणाआधीची तिथली शेती, बोली आणि माणसांची चालरीत कळण्यासाठी आता हीच कादंबरी साधनासारखी वाचता येते.

धरणाचे पाणी ज्या शहराला मिळते, ते याच काळात वाढत होते. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, 1970 मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. जानेवारी 2016 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे 89 वे अधिवेशन पिंपरीत भरले. बहिणाबाईंच्या अभंगांपासून दांडेकरांच्या कादंबऱ्यांपर्यंतचे हे लेखन एकत्र वाचले, की दोन्ही प्रकारांची कामे वेगळी दिसतात. आत्मकथन लेखकाच्या नजरेच्या टप्प्यातले देते आणि त्याचे पूर्वग्रहही बरोबर आणते. कादंबरी कागद गप्प असतो तिथल्या मनांचा विचार करते आणि तिला पुराव्याचा आधार असेल तितकीच ती इतिहासाच्या जवळ राहते. देहू, चाकण आणि चिंचवडचा भूतकाळ समजून घेताना या दोन्हींची गरज लागते.