वेगाचा वर्ग आला कुठून? कार्य-ऊर्जा प्रमेयामागचा वाद

एक गाडी घ्या. वस्तुमान १००० किलोग्रॅम, वेग सेकंदाला १० मीटर, ब्रेकचे बल ५००० न्यूटन. ती २ सेकंदांत, १० मीटर अंतर कापून थांबते. आता वेग दुप्पट करा. थांबायला लागणारा वेळ दुप्पट होतो, म्हणजे ४ सेकंद. अंतर मात्र चौपट, ४० मीटर. मग गाडीच्या गतीतला जोर दुप्पट झाला की चौपट? या प्रश्नावर युरोपातील विद्वान अर्धशतकाहून अधिक काळ भांडत होते.

देकार्त यांच्या मते गतीचे माप म्हणजे वस्तूचे आकारमान गुणिले चाल. १६८६ मध्ये लाइबनिट्स यांनी त्याला हरकत घेतली. त्यांचा युक्तिवाद आजच्या एककांत असा मांडता येतो : १ किलोग्रॅमची वस्तू ४ मीटर उचलायला जितके श्रम लागतात, तितकेच ४ किलोग्रॅमची वस्तू १ मीटर उचलायला लागतात. म्हणून तेवढ्याच उंचीवरून खाली पडताना दोन्हींनी सारखाच जोर कमावला पाहिजे. पण गॅलिलिओच्या नियमानुसार चौपट उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग दुप्पटच होतो. देकार्त यांच्या मापाने पहिलीचा जोर २ आणि दुसरीचा ४; हिशेब जुळत नाही. वेगाचा वर्ग घेतला की दोन्हीकडे ४ येतात. या राशीला लाइबनिट्स यांनी पुढे ‘जिवंत बल’ म्हटले.

हा झाला कागदावरचा तर्क. लायडनच्या ग्रावेसांडे यांनी १७२२ च्या सुमारास पितळी गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले. सारख्या आकाराचे पण वेगवेगळ्या वस्तुमानांचे गोळे, वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणातील उंचीवरून सोडले, तर मातीत सारखेच खळगे पडत. ते स्वतः आधी विरुद्ध बाजूचे होते; खळगे पाहून त्यांनी मत बदलले. १७४० मध्ये एमिली द्यू शातले यांनी आपल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथात वर्गाची बाजू ठामपणे मांडली आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीतील मेराँ यांच्याशी जाहीर वाद घातला. (मातीचा प्रयोग शातले यांचाच होता, असे पुष्कळदा लिहिले जाते, तो ग्रावेसांडे यांचा.)

१७४३ मध्ये दालांबेर यांनी हा सगळा शब्दांचा वाद ठरवला. मला हा निकाल थोडा घाईचा वाटतो. भांडण एका शब्दावरून असले, तरी त्या शब्दाखाली दोन खऱ्या, वेगळ्या राशी दडल्या होत्या. बल किती वेळ लावले, हे संवेगातील बदल सांगतो. बल किती अंतरावर लावले, हे गतिज ऊर्जेतील बदल सांगतो. गाडीच्या उदाहरणात दोन्ही उत्तरे बरोबर होती.

राहिला तो ‘अर्धा’. लाइबनिट्स यांच्या मापात तो नव्हता. १८२९ मध्ये यंत्रांवर लिहिताना कोरिओलिस यांनी बल गुणिले अंतर या राशीला ‘कार्य’ या अर्थाचा फ्रेंच शब्द दिला आणि जिवंत बलाचे माप निम्मे केले. कारण स्थिर बलाखाली थांबणाऱ्या वस्तूचा सरासरी वेग सुरुवातीच्या वेगाच्या निम्मा असतो. आपल्या गाडीचे जुने माप १,००,००० येते. ब्रेकने केलेले कार्य मात्र ५००० गुणिले १०, म्हणजे ५०,००० ज्यूल.