विस्मरणाचा गुन्हा

माणसाची स्मृती ही पेढीवरच्या खतावणीसारखी असते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. व्यवहार झाला की नोंद झाली. पान उघडले की नोंद सापडलीच पाहिजे. ज्याला ती सापडत नाही तो बेफिकीर तरी असेल, नाही तर लबाड. म्हाताऱ्याचे विस्मरण आपण वयाच्या खाती टाकतो; पण बावीस वर्षांच्या धडधाकट पोराने 'आठवत नाही' म्हटले की आपल्या भुवया चढतात. या समजुतीपायी काय अनर्थ झाले, त्याचा थोडा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत.

१९१५ च्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स यांचा एक लेख आला. महायुद्ध सुरू होऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. फ्रान्समधील इस्पितळात त्यांनी तीन तरुण सैनिक तपासले. एकजण काटेरी तारेत अडकला असताना सभोवार तोफगोळे फुटले. दुसऱ्यावर खंदक कोसळला. तिसरा भिंतीवरून फेकला गेला. तिघांचीही दृष्टी अधू झाली, वास व चव बिघडली आणि स्मृतीला खिंडार पडले. कान मात्र जवळजवळ शाबूत! सूचना व संमोहन यांच्या साहाय्याने हरवलेल्या आठवणींपैकी काही परत आणता आल्या. म्हणजे नोंद पुसलेली नव्हती. तिच्याकडे जाणारी वाट बुजली होती. 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकात रूढ झाला तो याच लेखामुळे.

वैद्यकाला हे कळू लागले. लष्करी न्यायाला मात्र नाही. हॅरी फार हा पंचवीस वर्षांचा साधा शिपाई. याच विकाराने १९१५ मध्ये तो पाच महिने इस्पितळात होता. १९१६ च्या सप्टेंबरात त्याने आघाडीवर जाण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयापुढे त्याची बाजू मांडायला कोणी नव्हते. स्वतःच्या मनाची कैफियत त्याची त्यालाच द्यावी लागली. तोफांपासून दूर असलो की बरे वाटते, असे तो सांगून बसला. ते रोगाचे लक्षण होते. न्यायालयाने भ्याडपणाच ठरवला. ऑक्टोबरात त्याला गोळी घालण्यात आली.

येथेही वर्गभेद होताच. एडिंबरोजवळचे क्रेगलॉकहार्ट इस्पितळ अधिकाऱ्यांसाठी होते. तेथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स रुग्णांशी तासन् तास बोलत. आमच्या नीलगिरीवरील तोडा लोकांचा अभ्यास करून १९०६ साली ग्रंथ लिहिणारे ते हेच. 'झाले गेले विसरून जा' हा उपदेश रुग्णाला बाधतो, असे त्यांनी १९१७ मध्ये प्रतिपादन केले. दुसरीकडे लंडनच्या एका इस्पितळात वाचा गेलेल्या साध्या शिपायांवर विजेच्या झटक्यांचे उपचार चालू होते.

भ्याडपणा व पलायन यांसाठीची फाशी-गोळी ब्रिटिश पार्लमेंटने १९३० मध्ये रद्द केली. त्यासाठी मजूर पक्षाचे अर्नेस्ट थर्टल वर्षानुवर्षे झगडले. आणि गोळी घातलेल्या ३०६ सैनिकांना माफी मिळाली ती २००६ साली. त्यांत हॅरी फार होता. नव्वद वर्षांनी!

पुढे शास्त्राने आणखी पाऊल टाकले. १९८१ मध्ये गॉर्डन बॉवर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखविले की, संमोहनाने उदास केलेल्या विद्यार्थ्यांना दुःखाचेच प्रसंग अधिक आठवतात. १९८६ मध्ये केंब्रिजमध्ये मार्क विल्यम्स व कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा नेमका प्रसंग सांगायला लावले. त्यांचे उत्तर पुनःपुन्हा मोघम येई: 'मी नेहमीच हरतो', 'घरी भांडणे होत'. कोणता दिवस, कोणते ठिकाण, हे निघेना. पुढे विषण्णतेने ग्रासलेल्या तरुणांतही हेच आढळले. मन तेच दुःख घोळवीत राहते, लक्ष त्यात गुंतते. आणि नेमक्या प्रसंगापाशी गेले की डंख बसतो, म्हणून अलीकडेच थबकते.

आता गंमत पाहा. ज्या गोष्टीत हे मन लंगडे पडते, नेमकी तीच चौकशी अधिकारी मागतो. तारीख सांगा, वेळ सांगा, साक्षीदार सांगा! गैरहजेरीचे आरोपपत्र हाती घेतलेली तरुण पोरे आम्ही कितीतरी पाहिली आहेत. बाप गेलेला, घर डोक्यावर; 'त्या दिवशी कुठे होतास?' म्हटले की मान खाली. शेरा पडतो: उडवाउडवीची उत्तरे.

प्रत्येक विस्मरण खरे असते, असे आमचे म्हणणे नाही. कामचुकार असतात, ते आम्हांलाही ठाऊक आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, तपशील न आठवणे हा लबाडीचा पुरावा नव्हे. पुरावा दुसरीकडे शोधावा. डॉक्टरचे मत घ्यावे. आरोपीजवळ त्याची बाजू मांडणारा माणूस असावा. आणि त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. हॅरी फारला यांतले बरेचसे मिळाले नाही. आपल्या कारखान्यांत, कॉलेजांत आणि घरांतही ते द्यायला नव्वद वर्षे लागण्याचे कारण नाही.