तारामती ते आनंदीबाई : दुर्गा खोटे यांची कारकीर्द

श्रोतेहो, आपल्या पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, जव्हार-मोखाड्याकडे, बोहाडा होतो. वाद्यांच्या तालावर एकामागून एक सोंगं नाचत येतात. देव येतात, राक्षस येतात, आणि देवीही येते. ती आली की बायाबापड्या हात जोडतात. पण त्या देवीच्या मुखवट्याआड कोण असतो? परंपरेप्रमाणे पुरुषच! त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाईचं सोंग पुरुषाने घ्यायचं, अशीच आपल्याकडची जुनी रीत.

ही रीत एकट्या आपली होती असं मात्र समजू नका. इंग्लंडातही शेक्सपिअरच्या काळी नाटकातल्या राण्या आणि नायिका कोवळ्या आवाजाची मुलंच होत असत. तिथे व्यावसायिक रंगभूमीवर बाई उभी राहिली ती 1660 साली. पुढेही नटीकडे तिरक्या नजरेने बघण्याची खोड तिथल्या समाजाला पुष्कळ वर्षं होती. एलन टेरी ही तिथली थोर नटी; लहानपणापासून रंगभूमीवर वावरलेली, उतारवयात मूकपटांतही कामं केलेली. तिला सरकारदरबारचा ‘डेम’ हा मोठा किताब मिळाला 1925 साली. तेव्हा तिचं वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात होतं!

आता आपल्याकडे या. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला. त्यात तारामती हवी होती. दादासाहेबांनी पुष्कळ शोध केला, पण कॅमेऱ्यापुढे उभी राहायला एकही बाई तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवावं लागलं. भारतीय चित्रपटातली पहिली तारामती ही अशी पुरुष होती! त्याच वर्षी फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ हाती घेतला आणि त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी मायलेकी उभ्या राहिल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या, कमलाबाई मोहिनी. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. पुढे त्या कमलाबाई गोखले म्हणून प्रसिद्ध झाल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले त्यांचे नातू. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आजचा विषय आहे दुर्गाबाई खोटे यांची कारकीर्द. त्यांचा जन्म 14 जानेवारी 1905 चा. माहेर लाडांचं. वडील मुंबईतले नामांकित सॉलिसिटर. शिक्षण इंग्रजी शाळेत, नंतर सेंट झेवियर कॉलेजात. लग्न होऊन त्या खोट्यांच्या श्रीमंत घरात गेल्या. पण दैवाचा फेरा आला. सासऱ्यांचा पैसा बुडाला, घरची घडी विसकटली, आणि पदरात दोन लहान मुलगे. पतीची कमाई संसाराला पुरेना. पुढे त्यांचंही अकाली निधन झालं. दुर्गाबाईंनी आधी शिकवण्या धरल्या. शिक्षक बंधुभगिनींना सांगायला नको, शिकवण्यांवर घर किती चालतं ते!

अशा वेळी मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात एका लहानशा कामासाठी विचारणा झाली. साल 1931. ‘आलम आरा’ त्याच वर्षी आला होता आणि पडद्यावरची माणसं नुकती कुठे बोलू लागली होती. पैशांची नड होती, दुर्गाबाईंनी होकार दिला. चित्रपट काही चालला नाही. जाहिरातीत मात्र लाडांची लेक आणि खोट्यांची सून म्हणून त्यांच्या नावाचा गाजावाजा झाला. मग काय विचारता! नातेवाईक बोलले, ओळखीचे बोलले, अनोळखीही बोलले. घरात चूल पेटते की नाही याची चौकशी ज्यांनी कधी केली नव्हती, तेही अब्रूची चौकशी करू लागले.

इथे कुणीही खचलं असतं. पण कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचे व्ही. शांताराम आपल्या नव्या बोलपटासाठी नायिका शोधत होते. त्यांनी दुर्गाबाईंना विचारलं. बोलपट होता ‘अयोध्येचा राजा’, आणि भूमिका होती तारामतीची. बघा योग कसा! जिच्यासाठी 1913 साली बाई मिळाली नव्हती, तीच तारामती 1932 साली कॉलेजात शिकलेली बाई करणार होती. मधे अवघी 19 वर्षं.

‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट मानला जातो. तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला होता. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. पार्श्वगायन तेव्हा रूढ झालेलं नव्हतं. ज्याचं तोंड पडद्यावर, त्याचाच गळा. म्हणजे अभिनय करता करताच गायचं, बोलायचं. एखादं भांडं पडलं तरी सगळं पुन्हा करायचं. दुर्गाबाईंनी ते निभावलं. राज्य गेलेली, काशीला दासी म्हणून विकली गेलेली, सर्पदंशाने मेलेला रोहिदास पोटाशी धरून स्मशानात उभी राहिलेली तारामती लोकांनी पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. काल ज्यांनी नावं ठेवली होती, त्यांच्याच तोंडी आता कौतुक आलं.

मग कामांची रांग लागली. त्याच वर्षी प्रभातचा ‘माया मच्छिंद्र’ आला. कलकत्त्याला देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ झाले. 1936 साली शांतारामांच्या ‘अमर ज्योती’त त्या सौदामिनी झाल्या. ही सौदामिनी म्हणजे चाच्यांची राणी. पोटच्या मुलावरचा हक्क नाकारला गेला म्हणून ती जुलमी सत्तेविरुद्ध जहाज घेऊन उठते. तारापूर-डहाणूच्या आपल्या किनाऱ्यावर होडी आणि वादळ कुणाला नवं नाही. पण बाईच्या हाती सुकाणू आणि तलवार हे चित्र त्या काळी नवं होतं. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत जाऊन पोहोचला.

दुर्गाबाईंनी एका कंपनीची कायमची चाकरी धरली नाही. त्या काळी नटनट्या कंपनीत महिन्याच्या पगारावर असत आणि मालक सांगेल ते काम करत. दुर्गाबाई मुंबई, कोल्हापूर, कलकत्ता अशा जात राहिल्या आणि आपलं काम आपण निवडत राहिल्या. 1937 साली त्यांनी ‘साथी’ या चित्रपटाची निर्मिती आणि दिग्दर्शन केलं. 1941 साली आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त त्यांनी खाष्ट सासू उभी केली. वय छत्तीस. नायिकेचा हट्ट धरायचं वय सरलेलं नव्हतं. पण भूमिका वजनाची असेल तर सासूही व्हायला हरकत नाही, हा त्यांचा हिशेब. त्यामुळेच त्यांचं काम पन्नास वर्षं चाललं.

आता रंगभूमीकडे वळू. पडद्यावर नाव झालं की नाटकाची दगदग कोण करतो? पण गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने मराठी नाटक पुन्हा उभं करायचं काम घेतलं होतं, आणि दुर्गाबाई त्या कामात उतरल्या. चित्रपटात काम तुकड्यातुकड्याने होतं आणि कॅमेरा जवळ येऊन डोळ्यांतला भाव टिपतो. नाटकात तसं नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे आणि चुकलं तर फिरून करता येत नाही. दोन्हीकडची रीत वेगळी, आणि दुर्गाबाईंनी दोन्हीकडे नाव राखलं.

1954 साली संघाने ‘राजमुकुट’ केलं. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चं हे वि. वा. शिरवाडकरांनी केलेलं मराठी रूप. दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल हे इंग्रज होते. नवऱ्याला राज्यलोभाने खुनाला उद्युक्त करणारी राणी दुर्गाबाईंनी केली. हीच भूमिका लंडनला एलन टेरीने 1888 साली केली होती.

पण आपल्या मुलखाला जवळची वाटावी अशी त्यांची भूमिका म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई. का जवळची, ते सांगतो. 1739 सालच्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव कामी आले. मे महिन्यात वसई पडली. हा सगळा किनारा रक्त सांडून मिळवलेला. त्याच चिमाजी अप्पांचा पुतण्या म्हणजे राघोबादादा, आणि आनंदीबाई ही त्याची पत्नी. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला असं लोक सांगतात. ती दंतकथा आहे. इतिहासाने त्यावर शिक्कामोर्तब केलेलं नाही. पण पुढचं मात्र कागदावर आहे. 1775 च्या सुरतेच्या तहात पेशवेपदाच्या लोभाने राघोबाने साष्टी आणि वसई इंग्रजांना द्यायचं कबूल केलं. चुलत्याने जे लढून मिळवलं, ते पुतण्याने भाऊबंदकीपायी देऊ केलं! ‘भाऊबंदकी’ बघताना किंवा वर्गात शिकवताना आपल्याकडच्या मुलांना हे जरूर सांगावं. वसईचे बुरूज आणि तारापूरची तटबंदी या नाटकाच्या मागेच उभी आहे.

1960 साली ‘मुघल-ए-आझम’ आला. त्यात अकबर बादशहा आणि सलीम यांच्या भांडणात सापडलेली जोधाबाई दुर्गाबाईंनी केली. एकीकडे नवरा, एकीकडे मुलगा. ही घालमेल त्यांनी अशी दाखवली की पुढे हिंदी चित्रपटातली आई म्हटलं की त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे यावा. 1974 च्या ‘बिदाई’साठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. पुढे त्यांनी लघुपट आणि जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था चालवली. 1988 साली दूरदर्शनवर घरोघरी पाहिली गेलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेची. सन्मानही आले : 1958 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1968 साली पद्मश्री आणि 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार या तारामतीला मिळाला. 1982 साली त्यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचं निधन झालं.

मंडळी, दुर्गाबाईंविषयी एक वाक्य नेहमी ऐकू येतं : घरंदाज बाई चित्रपटात आली आणि या धंद्याला प्रतिष्ठा आली. वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. मघाशी कमलाबाई गोखल्यांचं नाव ध्यानात ठेवा म्हटलं, ते यासाठी. कमलाबाई आणि त्यांची आई 1913 सालीच कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या होत्या. त्याआधीपासून तमाशाच्या फडावर बाया घाम गाळत होत्या, लेकरं वाढवत होत्या. त्यांचे कष्ट कमी होते का? त्यांची कला हलकी होती का? तसं काही नव्हतं. त्यांच्यामागे सॉलिसिटर बाप नव्हता आणि कॉलेजचं नाव नव्हतं, एवढंच. समाजाला प्रतिष्ठा दिसली ती घराण्यामुळे. दुर्गाबाईंचा खरा मोठेपणा मला त्यापुढे दिसतो. घराण्याचं नाव त्यांना पहिल्याच चित्रपटात तारू शकलं नाही. उलट त्याच नावामुळे बोभाटा झाला. त्यांना तारलं ते कामाने. वेळेवर जाणं, पाठांतर चोख ठेवणं, वयाप्रमाणे भूमिका बदलणं, मोबदला रोखठोक ठरवणं आणि त्यावर मुलं वाढवणं. शेतावर राबणाऱ्या किंवा बोईसरच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या बाईपेक्षा हे काही निराळं नाही.

पण अजूनही गॅदरिंगची नाटकं बसू लागली की एखाद्या चुणचुणीत मुलीचं नाव घरून कापलं जातं. ‘लोक काय म्हणतील,’ एवढंच कारण. गुरुजी, बाई, अशा वेळी त्या घरी एकदा जाऊन या. तिच्या आईवडिलांना तारामतीची ही गोष्ट सांगा. लोक 1931 सालीही बोलले होते, आणि 1932 साली तेच लोक तिकीट काढून रांगेत उभे होते. मुलीचं पाठांतर चांगलं आहे ना, आवाज खणखणीत आहे ना? मग तिला उभी राहू द्या.