राबिया की दिलरस?

मुलगा झाला की त्याच्या नावासाठी आपल्याकडे फार शोधाशोध करावी लागत नाही. आजोबा, पणजोबा, खानदानातले बुजुर्ग, इतिहासातले गाझी आणि सुलतान सगळे रांगेत उभेच असतात. मुलीच्या नावाचा विचार मात्र पुष्कळदा अकीक्याच्या आदल्या रात्री सुरू होतो. मग कोणी टीव्हीवरचे नाव सुचवते, कोणी नावांचे पुस्तक उघडते, आणि 'थोरलीच्या नावाशी जुळते' एवढ्यावर निकाल लागतो. ज्या नावाने ती आयुष्यभर ओळखली जाणार, त्या नावामागे कोण उभे आहे, हे क्वचितच विचारले जाते.

गेल्या वर्षी आमच्या घरात हा प्रश्न वेगळ्या रीतीने आला. माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. ही चौथी. बहिणीचे सासर औरंगाबादचे, बेगमपुऱ्यालगतचे. (सरकारी दप्तरी शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे.) अम्मीने नाव सुचवले राबिया. बहीण म्हणाली, "नाही, दिलरस." दोन्ही नावे त्यांनी घराजवळच्याच एका इमारतीवरून उचलली होती. ती इमारत म्हणजे बीबी का मकबरा. तिथे जी बाई दफन आहे तिचीच ही दोन्ही नावे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे फैसला माझ्याकडे आला. फैसला करण्याआधी त्या बाईची चौकशी करणे मला गरजेचे वाटले.

दिलरस बानो बेगम ही इराणच्या सफवी राजघराण्यातली. तिचे वडील मिर्झा बदीउज्जमान मोगलांच्या सेवेत होते आणि शाहनवाज खान या किताबाने ओळखले जात. १६३७ साली आग्र्याला तिचा निकाह शहजादा औरंगजेबाशी झाला. पुढच्याच वर्षी दौलताबादला थोरली मुलगी झेबुन्निसा जन्मली. त्यानंतर झीनतुन्निसा, झुब्दतुन्निसा, शहजादा आझम आणि १६५७ च्या सप्टेंबरात औरंगाबादला शहजादा अकबर. या पाचव्या बाळंतपणातून ती उठलीच नाही. महिन्याभरात, ऑक्टोबर १६५७ मध्ये, तिचा इंतकाल झाला. तख्तासाठी भावाभावांची लढाई तेव्हा तोंडावर आली होती. त्या लढाईत १६५९ साली अजमेरजवळ देवराईच्या रणात तिचे वडील मारले गेले, तेही दारा शुकोहच्या बाजूने, म्हणजे जावयाच्या विरुद्ध लढताना. हे पाहायला ती उरली नव्हती.

मकबरा १६६०-६१ च्या सुमारास पुरा झाला. गाईड आणि पुस्तके सांगतात की तो मुलाने, आझमने, आईसाठी बांधला. पण आझमचा जन्म १६५३ चा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि इमारत उभी राहिली तेव्हा सात-आठ वर्षांचा. बांधकामाचा हुकूम बापाचाच असणार. मोठेपणी केलेल्या डागडुजीमुळे मुलाचे नाव इमारतीला चिकटले असावे. खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा आण्यापर्यंत नोंदलेला आहे. मुख्य दरवाज्यावरच्या लेखात मेमार अताउल्लाह आणि हंसपत राय यांची नावे आहेत. कारागिरांची नावे जपली गेली, ही चांगलीच गोष्ट. पण जिच्यासाठी हे सारे झाले तिला लोक नुसते 'बीबी' म्हणतात. बीबी म्हणजे बाई. त्यात नाव कुठे आले?

मग राबिया हे नाव कुठून आले? मृत्यूनंतर तिला 'राबिया-उद्-दौरानी' असा किताब दिला गेला. दौर म्हणजे जमाना. या जमान्याची राबिया, असा त्याचा अर्थ. पुढे बोलण्यात 'दौरानी'चे 'दुर्रानी' झाले आणि पुष्कळ लोक तिला अफगाण दुर्रानी घराण्यातली समजू लागले. दुर्रानी हे नाव अहमदशाह अब्दालीने १७४७ साली धारण केले. तोवर आपल्या बेगमेला जाऊन नव्वद वर्षे झाली होती. एका किताबाने खरे नाव झाकले, आणि त्या किताबाच्या अपभ्रंशाने तिचे माहेरही बदलून टाकले.

ज्या राबियाची उपमा दिली ती बसऱ्याची. हिजरी १८५ म्हणजे इसवी सन ८०१ मध्ये तिचा इंतकाल झाला, असे मानतात. जन्नतीच्या लालसेने किंवा दोजखच्या भीतीने नव्हे, तर अल्लाहच्या मुहब्बतीपोटी इबादत करावी, ही शिकवण तिच्या नावाशी जोडली जाते. अरबीत राबिया म्हणजे चौथी. फरीदुद्दीन अत्तार यांनी सुमारे चारशे वर्षांनंतर तिची हकीकत लिहिली. ते सांगतात की घरात आधीच्या तीन मुली होत्या, म्हणून हिचे नाव राबिया पडले, आणि ती जन्मली त्या रात्री घरात दिव्याला तेल नव्हते.

अम्मीचे म्हणणे इथेच होते. "चौथीच तर आहे. आणि केवढ्या मोठ्या बाईचे नाव! त्या तीन थोरल्या बहिणींची नावे कुणाला ठाऊक आहेत? दुनियेला चौथीच ठाऊक आहे." अम्मीचे बोलणे खोडून काढण्यासारखे नाही. गरिबाच्या घरी मोजणीने पडलेले नाव त्या बाईने आपल्या जिंदगीने इतके उंच नेले की नऊशे वर्षांनी बादशाही घराण्याला आपल्या बेगमेची तारीफ करताना तेच उसने घ्यावे लागले.

पण बहिणीचे दुखणे वेगळे होते. बाळ झाल्यावर दवाखान्यात तिला भेटायला आलेल्या बायकांनी मुबारक म्हणण्याआधी "फिरसे लडकी?" असे विचारले होते. ती म्हणाली, "बाजी, दुनिया तिला चौथी म्हणणारच आहे. मी तरी का म्हणू? नावातच गिनती कशाला?"

दिलरस या नावावर घरात दोन आक्षेप निघाले. पहिला, हे नाव इस्लामी नाही, फारसी आहे. असे असेल तर शिरीन, परवीन, शहनाज, महजबीन, गुलनाज ही नावेही घराघरांतून काढावी लागतील. दीनाने नावाची भाषा पाहिली नाही, अर्थ पाहिला. हजरत उमर (रजि.) यांच्या एका मुलीचे नाव आसिया होते. त्याचा अर्थ अवज्ञा करणारी. पैगंबरांनी (स.) ते बदलून जमीला ठेवले. ते नावही अरबीच होते, पण अर्थ वाईट होता. (फिरऔनच्या नेक बीबीचे आसिया हे नाव वेगळे. उर्दूत दोन्हींची अक्षरे वेगळी आहेत, देवनागरीत मात्र फरक दिसत नाही. म्हणून नाव ठेवताना उर्दू जाणणाऱ्याला एकदा विचारलेले बरे.) दिलरस यातला 'रस' आपल्या उसाच्या रसातला नव्हे. फारसीत 'रसीदन' म्हणजे पोहोचणे. दिलरस म्हणजे दिलापर्यंत पोहोचणारी. याहून चांगला अर्थ कोणता हवा?

दुसरा आक्षेप दादीचा, म्हणजे बहिणीच्या सासूचा. "बाळंतपणात गेलेल्या बाईचे नाव मनहूस असते." हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यात भीती आहे आणि ती भीती खऱ्या अनुभवातून आलेली आहे. पण ताजमहालात जी आहे तीही बाळंतपणातच गेली. दिलरसची सासू अर्जुमंद बानो, म्हणजेच मुमताज महल, १६३१ साली बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात वारली. तरी मुमताज नाव आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यात आहे. आपण ज्यांना मुहब्बतीच्या निशाण्या म्हणतो त्या या दोन इमारती खरे तर बाळंतपणात दगावलेल्या सासू-सुनांच्या कबरी आहेत. बादशाहाच्या खजिन्याला संगमरवर परवडला, पण त्या काळाच्या इलाजाला बाईचा जीव राखता आला नाही. दोष नावाचा नव्हता.

नावाचा असर शोधायचाच असेल तर तिच्या मुलींकडे पाहावे. झेबुन्निसा शायरा म्हणून ओळखली गेली. भाऊ अकबराच्या बंडानंतर १६८१ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७०२ पर्यंत, ती सलीमगडाच्या कैदेत राहिली. झीनतुन्निसाने दिल्लीत मशीद बांधली. येसूबाई आणि बाल शाहू मोगल छावणीत नजरकैदेत असताना ती त्यांच्याशी मायेने वागली, असे मराठ्यांचा इतिहास लिहिणारेही सांगतात. आईला लवकर मुकलेल्या या मुली. त्यांच्या आईचे नाव आपल्या शाळेतल्या किती मुलामुलींना सांगता येईल? मकबऱ्याची सहल सगळ्यांनी केलेली असते.

मी माझे मत दिलरसच्या बाजूने दिले. राबिया हा किताब मोठा आहे, पण तो दुसऱ्या बाईचा मोठेपणा उसना घेऊन, मेल्यानंतर दिलेला आहे. दिलरस हे तिचे स्वतःचे नाव. माहेरहून ती जे घेऊन आली आणि जिवंतपणी ज्या नावाला तिने ओ दिली, ते हे. अम्मी दोन दिवस गप्प होती. मग तिनेच बाळाच्या दुलईवर उर्दूत दिलरस असे भरतकाम करायला घेतले. हाक मात्र ती अजूनही राबिया म्हणूनच मारते, आणि बाळ दोन्हींना वळून पाहते.

आपल्या घरातल्या जुन्या कागदांवर एकदा नजर टाका. सातबारा, निकाहनामा, रेशनकार्ड. दादी-परदादींची नावे 'बी', 'बेगम', 'अमक्याची बीवी', 'तमक्याची माँ' अशी सापडतील. कितीएकींची खरी नावे त्यांच्याबरोबर कबरीत गेली. बादशाहाच्या बेगमेचे नाव किताबाखाली दबते, तर आपल्या दाद्यांचे काय? ज्यांना अजून आठवत असेल त्यांना विचारून ती नावे लिहून ठेवा. पुढच्या मुलीसाठी नाव शोधायला मग नावांच्या पुस्तकाकडे जावे लागणार नाही.